अवतरणचिन्हांतली चांदणी

जावयाला नावं ठेवू नयेत, हे काकांना मान्य होतं. म्हणून ते ती मनातल्या मनात ठेवत. गेल्या तीन महिन्यांत त्यांचा साठा बराच वाढला होता. ‘दीडशहाणा’ हे त्यातलं सगळ्यात जुनं, आणि आता काकांना ते फारच सौम्य वाटू लागलं होतं.

जावयाने मात्र सासऱ्याला उघड, कचेरीत, चारचौघांदेखत नाव ठेवलं होतं: अवतरणकाका. आणि ते असं चिकटलं की जिन्यावरचा झाडूवालासुद्धा आता त्यांना त्याच नावाने रामराम करायचा.

कचेरी म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या. तिथे बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय होतं. ज्यांना दिसत नाही अशी माणसं फोन करायची, पुस्तकाचा क्रमांक सांगायची, आणि पलीकडून कुणीतरी ते वाचून दाखवायचं. ते ‘कुणीतरी’ म्हणजे आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेले आवाज. हौसेने येऊन वाचणारी तीसेक माणसं होती. सगळ्यांत जास्त पुस्तकं वाचली होती काकांच्या बायकोने. एकोणीस वर्षांत एक्केचाळीस. मग घशात गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला आणि आवाज गेला. तेव्हापासून ती शाळकरी पोरांची असते तसली पाटी गळ्यात अडकवून हिंडायची आणि बोलायचं ते पाटीवर लिहायची. लोकांना वाटलं होतं, आता बाई शांत होईल. पाटी आकाराने लहान असल्यामुळे उलट ती नेमकं बोलायला लागली, आणि तिचा नेम कधी चुकत नसे.

काकांचं काम यंत्राचं होतं. ते कारकून म्हणून लागले होते. ग्रंथालयात संगणक आला तेव्हा त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं, म्हणून तो त्यांच्या गळ्यात पडला. त्यांनी एक जाडजूड पुस्तक आणलं, तीनदा वाचलं, समासात शंका लिहिल्या, आणि चौथ्यांदा वाचून त्यातल्या निम्म्या शंका स्वतःच खोडल्या. मग भीत भीत एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे यंत्राने ओळीने पाळायच्या हुकमांचा कागद. ती बारा वर्षं बिनबोभाट चालत होती. तरी रोज सकाळी काकांना वाटायचं, आज उघडं पडणार आपलं अज्ञान.

त्या स्क्रिप्टचं मुख्य काम टाकाऊ फायली पुसायचं होतं. वाचणारा अडखळतो, खोकतो, पान फडफडतं. मग तोच भाग तो पुन्हा वाचतो आणि आधीचा तुकडा वाया जातो. अशा तुकड्यांची यादी ज्याची त्याने करायची, एका ओळीवर एक नाव. शेवटच्या ओळीवर एकटी चांदणी (*) काढायची. म्हणजे यादी इथे संपली, खाली कुणी काही घुसडू नये. ही पद्धत कागदी वहीच्या काळातली. काकांनी ती प्रत्येक नव्या वाचकाला शिकवली होती. यादी वहीतून यंत्रात गेली तेव्हा चांदणीही तिच्याबरोबर गेली.

आता यंत्राची एक खोड आहे. त्याच्या भाषेत चांदणी म्हणजे ‘या खोलीत आहे नाही ते सगळं’; खोली म्हणजे यंत्रातला फायलींचा एक कप्पा. काकांच्या पुस्तकात हे एका पानावर होतं आणि त्या पानाचा कोपरा दुमडून दुमडून मऊ झाला होता. यादीतलं नाव स्क्रिप्टमध्ये आधी एका डबीत जातं, आणि मग ती डबी पुसायच्या हुकमाला दिली जाते. डबीचं तोंड बांधलेलं नसेल तर यंत्र आत डोकावतं. नावात मोकळी जागा दिसली तर एका नावाची दोन करतं. चांदणी दिसली तर तिच्या जागी खोलीतल्या सगळ्या फायलींची नावं आणून बसवतं. तोंड बांधायचं म्हणजे डबीच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं लावायची, एवढंच. मग चांदणी ही नुसती चांदणी राहते.

म्हणून काकांनी लिहिलं होतं: rm "$f". rm म्हणजे पूस, $f म्हणजे डबी. आणि जिथे जिथे डबी तिथे तिथे ती दोन चिन्हं. रोज यादीच्या शेवटी यंत्र चांदणी नावाची फाईल शोधायचं, ती सापडायची नाही, आणि पडद्यावर तक्रार उमटायची: ‘* नावाची फाईल नाही.’ ती तक्रार दिसली की काका ओळखायचे, यादी शेवटपर्यंत वाचली गेली. मग ते पिशवी उचलून घरी जायचे.

जावई ग्रंथालयात आला तो सल्लागार म्हणून. संचालिकाबाईंना सगळं नवं हवं होतं आणि जावयाला नवं करण्याची हौस होती. पहिल्याच दिवशी त्याने काकांच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं.

“बाबा, ही चूक रोज येते?”

“येते.”

“आणि तुम्हाला काही वाटत नाही?”

“बरं वाटतं,” काका म्हणाले.

सगळे हसले. काकाही हसले, कारण सगळे हसताना आपण गंभीर राहणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. जावयाने मग स्क्रिप्ट वरपासून खालपर्यंत सरकवत नेली.

“बापरे! अंगभर पुरळ उठल्यासारखी दिसते. अवतरणं, अवतरणं, अवतरणं! हे काय, यंत्राला कुणाची वाक्यं ऐकवताय?” आणि त्याच क्षणी अवतरणकाका जन्माला आले.

पुढच्या रविवारी जावई जेवायला आला. मुलगी माहेरपणाला आली होती, ती मागे कपडे वाळत घालत होती. काकांनी दोन घास गिळले, पाणी प्यायले, पुन्हा पाणी प्यायले आणि विषय काढला.

“जावईबापू, ती चिन्हं तुम्ही काढलीत म्हणे.”

“काढली. एकशे चौदा जोड्या होत्या. मोजल्या मी.” जावयाने एकशे चौदा ढेकूण मारल्याच्या थाटात सांगितलं.

“पण नावात मोकळी जागा आली तर?”

“येणारच नाही. सगळ्या फायलींची नावं मी दुरुस्त केली. मोकळ्या जागेच्या जागी खालची रेघ. मूळच उपटलं, बाबा. तुम्ही बारा वर्षं फांद्या बांधत बसलात.”

हे खरं होतं आणि हुशारीचंही होतं. काका वरमले.

“आणि चांदणी आली तर?”

“फाईलच्या नावात चांदणी कोण ठेवतं? पहिल्या वर्षाची पोरं विचारतात असले प्रश्न. तुमच्या त्या पुस्तकात असेल. कुठल्या सालचं आहे ते?”

पाटीवर पेन्सिल करकरली. सासूबाईंनी पाटी जावयासमोर धरली: ‘तुमच्या जन्माआधीचं. म्हणून खोटं?’

“तसं नाही, आई,” जावई हसला, “पण काळ बदलतो.”

पाटी पुसली गेली. ‘चांदणी बदलली का?’

जावयाने भात मागितला. काकांना वाटलं, बायकोने उगाच ताणलं. शेवटी तो शिकलेला आहे. आपण काय, एक पुस्तक चारदा वाचलेला माणूस. फाईलच्या नावात चांदणी कोणी ठेवत नाही, हे खरंच होतं. फायलींबद्दल विचारलं आणि फायलींबद्दल उत्तर मिळालं. यादीच्या शेवटच्या ओळीचं त्या क्षणी काकांनाही सुचलं नाही. नुसतं काहीतरी खुपत राहिलं, दातात अडकलेल्या धाग्यासारखं.

जावई तेवढ्यावर थांबला नव्हता. ग्रंथालयात दुसरा एक साठवणीचा डबा होता, त्याला सगळे ‘जुळा’ म्हणत. पूर्वी काका त्यात नवं काही आलं की घालून ठेवत आणि जुनं कधी काढत नसत. जावयाने तो ‘आरशासारखा’ केला. रोज दुपारी बाराला जुळा पहिल्यासारखा हुबेहूब व्हायचा. पहिल्यात जे नाही ते दुसऱ्यातूनही जायचं. संचालिकाबाईंना आरशाची उपमा फार आवडली. काकांना वाटलं, आपलं नाक कापलं गेलं तर आरसा काही जुनं नाक सांभाळून ठेवत नाही. पण हे ते कुणाला बोलले नाहीत. शिवाय यादी आता वाचकांनी थेट यंत्रात द्यायची होती. काकांना ती वाचायची मुभा राहिली, हात लावायची नाही. ‘मधला माणूस काढला’ असं जावयाने सभेत सांगितलं, मधला माणूस शेजारच्या खुर्चीवर बसलेला असताना.

रोजचं पुसणं अजून जुन्या स्क्रिप्टवरच चालू होतं, नवी एकदाही खऱ्या यादीवर चालली नव्हती. मग तिचं प्रात्यक्षिक ठरलं. देणगीदार येणार, संचालिकाबाई बोलणार, आणि पुसायला घ्यायचं ते काकूंचंच दालन, म्हणजे यंत्रातली त्यांच्या पुस्तकांची खोली, कारण आजारपणात यादी द्यायची राहून गेल्यामुळे सगळ्यात जास्त टाकाऊ तुकडे तिथेच साठले होते. काकूंनी आपली जुनी वही घेऊन दोन दिवस बसून यादी स्वतः टंकली.

त्या दिवशी काका दहाला पोचले. सवयीने यादी उघडली. त्रेसष्ट नावं. एकही चूक नाही. आणि चौसष्टाव्या ओळीवर एकटी, नीटस, शिस्तीत बसलेली चांदणी.

बायकोला आपणच शिकवली होती ती. एकोणीस वर्षांत ती एकदाही चांदणी विसरली नव्हती.

त्यांनी एक रिकामी खोली उघडली, म्हणजे यंत्रातली, तीत तीन फालतू फायली ठेवल्या, एका ओळीची यादी केली, नुसती चांदणी, आणि नवी स्क्रिप्ट तिच्यावर चालवली. तिन्ही फायली गेल्या. हूं नाही की चूं नाही. तक्रारसुद्धा नाही. तक्रार कशाची करणार? शोधलं ते सगळं सापडलं होतं.

एवढं डोळ्यांनी पाहूनसुद्धा काकांना वाटलं, जावयाने काही तजवीज केली असेल. आपल्याला दिसत नसेल. शिकलेली माणसं अशी उघडी पडत नाहीत. या भाबडेपणाला काय म्हणावं? भिंत अंगावर येताना दिसते आणि माणूस म्हणतो, गवंडी चांगल्या घरचा आहे.

जावई मोठ्या खोलीत खुर्च्या लावून घेत होता.

“जावईबापू, एक मिनिट.”

“आता नको, बाबा.”

“त्या यादीत शेवटी...”

“यादी वाचणं माझं काम नाही. यादी यंत्र वाचतं.” त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना हळूच बाजूला केलं, वाटेतलं टेबल सरकवावं तसं. “तुम्ही पुढच्या रांगेत बसा. मान आहे तुमचा.”

काका यंत्राच्या खोलीत परत आले. मग खाली वाकून त्यांनी जुळ्याची तार उपटली, गुंडाळली आणि पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी ठेवली. बारा वर्षांत त्यांनी या खोलीतून टाचणीसुद्धा उचलली नव्हती. मग ते पुढच्या रांगेत जाऊन पिशवी मांडीवर घेऊन बसले, आणि सबंध कार्यक्रमभर त्यांना वाटत राहिलं की पिशवी पारदर्शक आहे.

संचालिकाबाई उशिरा आल्या आणि आल्यावर उशीरपर्यंत बोलल्या. मग जावई उठला. जुन्या पद्धतीत रोज एक चूक यायची आणि ती बारा वर्षं कुणी दुरुस्त केली नाही, हे त्याने गोड शब्दांत सांगितलं. “कुणाचा दोष नाही. काही लोकांना चुकीचीच सवय होते.” सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

बाराला दहा कमी असताना जावयाने कळ दाबली. पडद्यावर शब्द उमटले: ‘काम पूर्ण. एकही चूक नाही.’

“पाहिलंत?” जावई म्हणाला. “गेली तक्रार!”

टाळ्या झाल्या. चहा आला. मग संचालिकाबाईंना मायेचा उमाळा आला. “आज काकू इथे आहेत. त्यांच्याच आवाजात काहीतरी ऐकवा ना! पहिलं पुस्तक लावा.”

जावयाने दालन उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. माणूस खिशात किल्ली नाही हे कळल्यावरही तोच खिसा चाचपतो, तसं त्याने चार वेळा केलं. पडदा मोठा होता आणि खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं की त्यावर काहीच नाही.

“काय झालं?” संचालिकाबाई.

“काही नाही. जुळ्यात आहे सगळं. जुळ्यातून...” त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. बारा वाजून सात मिनिटं. घड्याळाचे वाजून झाले होते, आता त्याच्या तोंडावर वाजले.

“म्हणजे शिल्लक आहे की नाही?”

“तांत्रिकदृष्ट्या बघायचं झालं तर, आरसा पद्धतीत...”

पेन्सिल करकरली. एवढ्या माणसांत तेवढाच आवाज. काकूंनी पाटी उंच धरली: ‘तांत्रिकदृष्ट्या मी मेले का?’

कुणी हसलं नाही. काकूंचा चेहरा कागदासारखा झाला होता. एक्केचाळीस पुस्तकं. त्यांची प्रत कुणाकडे नव्हती. लोक फोनवर ऐकायचे आणि फोन ठेवायचे. तिला स्वतःला ऐकावंसं वाटलं तर तीही इथेच यायची, दर गुरुवारी, कुणाला न सांगता, कानाला यंत्र लावून अर्धा तास बसायची. काकांना ते माहीत होतं. त्यांना माहीत आहे हे तिला माहीत नव्हतं.

काकांनी पिशवी उघडली. आधी जेवणाचा डबा बाहेर काढावा लागला. तो जावयाच्या कागदांवर ठेवला. मग तार काढली.

“जुळा सुटा आहे,” ते म्हणाले. “सकाळपासून. त्याला बारा वाजलेले कळले नाहीत.”

कुणाला चटकन समजलं नाही. जावयाला समजलं. तो धप्पकन बसला.

“तुम्हाला माहीत होतं?” संचालिकाबाईंनी विचारलं.

“संशय होता. यादीच्या शेवटी चांदणी असते. चिन्हं काढली की यंत्र तिला ‘सगळं’ समजतं.”

“मग बोलला का नाहीत?”

काकांनी तोंड उघडलं. बोललो होतो, एक मिनिट म्हटलं होतं, असं काहीसं पुटपुटले. तेवढ्यात समोर पाटी आली. एवढे दिवस ती जावयासमोर नाचायची. आज ती त्यांच्यासमोर होती.

‘आवाज माझा गेलाय. गप्प तुम्ही बसलात.’

काकांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. तीनदा वाचायची सवयच होती त्यांना. तीन महिने मनात गोळा केलेली जावयाची सगळी नावं त्यांना आठवली, आणि ती सगळी एकेक करून स्वतःला नीट बसतात असं लक्षात आलं. जावई निदान मोठ्याने चुकत होता. आपण तोंडात शब्द असून तार चोरत होतो.

“जावईबापू,” काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. “उठा. जुळा जोडा. आधी त्याची बाराची पाळी बंद करा, मग जोडा. उलटं कराल तर आहे तेही जाईल.”

जावयाने तार घेतली, यंत्राच्या खोलीत जाऊन तसंच केलं आणि जुळ्यातलं सगळं इकडे उतरवायला घेतलं. दालन हळूहळू भरत आलं.

“आता स्क्रिप्ट उघडा. पुसायची ओळ. डॉलरच्या आधी एक चिन्ह. एफच्या नंतर एक.”

जावयाने बोटं चालवली.

“ते एकेरी आहे.”

“काय फरक पडतो, बाबा?”

“एकेरीत यंत्र डबी उघडतच नाही. डॉलर आणि एफ ही अक्षरंच फाईलचं नाव समजून शोधत बसतं. दुहेरी घाला. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात.”

मागे कुणीतरी खोकलं. तो खोकला नव्हता, दाबलेलं हसू होतं. जावयाने दुहेरी घातली.

“चालवा.”

त्रेसष्ट तुकडे गेले. चौसष्टाव्या ओळीवर यंत्र क्षणभर थबकलं आणि पडद्यावर उमटलं: ‘* नावाची फाईल नाही.’

“अगं बाई,” संचालिकाबाई म्हणाल्या, “पुन्हा आली ती चूक! ती काढता नाही का येणार?”

काकांनी त्यांच्याकडे इतक्या शांतपणे पाहिलं की बाईंनी स्वतःच विषय बदलला आणि पुस्तक लावायला सांगितलं. आवाज आला. वीसेक वर्षांपूर्वीचा, तरणा, जरा घाईचा. काकू मान खाली घालून ऐकत राहिल्या. पान संपल्यावर त्यांनी पाटीवर लिहिलं आणि फक्त काकांना दाखवलं: ‘ही बाई श्वास घेते की नाही?’

“घेत नव्हती,” काका म्हणाले. “मी सांगणार होतो तेव्हा.”

पाटी पुसली. ‘तेव्हाही?’

काकांना हसू आलं नाही, पण यायला हरकत नव्हती.

माणसं पांगली. काका जेवणाचा डबा पिशवीत टाकून निघाले, तर जिन्याच्या वळणावर जावई फोनवर कुणाला तरी सांगत होता. आवाज पूर्ववत झाला होता. “नाही, नाही, घाबरण्यासारखं काही नव्हतं. दुसरी प्रत सुटी ठेवायची, ही कल्पना आमच्याकडे आधीपासून होतीच. एक छोटी चाचणी समज...”

सकाळचे काका असते तर पाय न वाजवता मागे फिरले असते, आणि वाटेत एखादं नवं नाव शोधलं असतं. ते दोन पायऱ्या खाली उतरले.

“जावईबापू, एकशे तेरा जोड्या राहिल्यात,” ते म्हणाले. “ठेवा फोन.”